सारंगखेड्याहून घरी आणलेल्या घोड्याविषयी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दत्तजयंती आली की आपल्या दैनिकात सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या बातम्या सुरू होतात. कुठल्या घोड्याला किती लाख मागितले, कोणती घोडी केवढ्याला गेली, उंची किती, रोज दूध किती पिते, मालक तिला तूप-बदाम चारतो का. सोबत मोठा रंगीत फोटो. मी या बातम्या एकही न सोडता वाचते, कारण घोडं हा आमच्या घरातला विषय आहे. पण बाजार उठला की बातमीही उठते. ट्रकात चढवलेलं ते तीन-चार वर्षांचं जनावर पुढे कुठे उतरलं, पहिल्या रात्री त्यानं काय खाल्लं, महिन्याभरात त्याचं काय झालं, यावर कोणी लिहीत नाही. शिमग्याच्या सुमारास मात्र त्यातलीच काही जनावरं ‘खोडील आहे’, ‘अंगावर येतं’ म्हणून पडत्या भावात परत विकायला निघालेली आमच्या भागात दिसतात. त्याविषयी लिहायला बसले आहे. पत्र लांबेल, पण जमल्यास काटछाट न करता छापावं ही विनंती.

माझे वडील दौंड स्टेशनबाहेर टांगा चालवायचे. टांगे गेले तरी घोड्याचा नाद घरातून गेला नाही. लग्न होऊन भीमेकाठच्या या गावात आले, तेव्हा सासरीही दावणीला घोडी होती. म्हणून गेल्या वर्षी पुतण्यानं सारंगखेड्याला जायचं काढलं, तेव्हा येणारं जनावर माझ्याच गोठ्यात उतरणार हे ठरलेलं होतं. मी त्याला म्हणाले होते, आपल्याकडचं भीमथडी घे, धनगरांच्या वाड्यावरचं. ते शिंगरू जन्मल्यापासून मेंढरांबरोबर रस्त्यानं चाललेलं असतं. ट्रक, कुत्री, पूल, बाजार सगळं त्यानं आईच्या बगलेला राहून पाहिलेलं असतं. आता तर भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यताही मिळाली आहे. पण पुतण्याला हवं होतं मारवाडी, उंच मानेचं, आत वळलेल्या कानांचं. ‘काकी, तू एकदा बघ तर त्याला,’ एवढंच म्हणाला. तरुण पोराची हौस होती, मी मोडता घातला नाही.

आणलेला घोडा काळसर कुमेत, म्हणजे गडद तांबूस रंगाचा, कपाळावर टिळा, मागचे दोन्ही पाय गुडघ्याखाली पांढरे. घरातल्या पोरांनी त्याचं नाव बारक्या ठेवलं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, पाच वर्षांचा आहे, लग्नाला चालतो, लहान मूलसुद्धा बसतं. मी ओठ वर करून पाहिलं तर वर-खाली मधली एकेक जोडी तेवढी पक्क्या दातांची, बाकी सगळे दुधाचे. घोड्याची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला, आणि पाचव्या वर्षी तोंड भरतं. म्हणजे हा जेमतेम तीन वर्षांचा. पाठीच्या मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते. अशा पाठीवर नवरदेव बसवून त्याला डीजेपुढे नाचवायचं, हे ज्याला ठीक वाटतं त्यानं एकदा त्या पाठीवरून हात फिरवून बघावा.

सारंगखेडा ते दौंड अंतर चारशे किलोमीटरच्या जवळ जातं. ड्रायव्हरची इच्छा नसताना पुतण्यानं वाटेत गाडी थांबवत आणली, याचं मी त्याच्या तोंडावर कौतुक केलं. घोडं मान खाली घालतं तेव्हाच श्वासनळीत साचलेलं बाहेर पडतं. प्रवासभर डोकं वर आवळून बांधलं की धूळ, भुशाचे कण, जंतू सगळं छातीत उतरतं आणि दोन-तीन दिवसांनी ताप भरतो. लोक म्हणतात हवा मानवली नाही. हवा कशाला दोषी? दोर सैल करून तीन-चार तासांनी मान खाली सोडू द्यावी आणि पाणी दाखवावं, एवढ्यानं बरीच जनावरं वाचतील. पहिला आठवडा सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. मोठ्या घोड्याचा पारा शंभर-एकशे एकच्या घरात असतो. एकशे एकच्या वर अर्धा अंश चढला की आमच्याकडे डॉक्टरांना फोन होतो, उद्याची वाट पाहिली जात नाही.

उतरल्यावर त्याला आमच्या म्हाताऱ्या घोडीच्या शेजारी बांधावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी नको म्हणाले. बाजारात शेकडो जनावरांत उभं राहून आलेलं घोडं दोन-तीन आठवडे तरी वेगळं हवं. त्याची बादली वेगळी, अंग घासायचा खरारा वेगळा. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो, आणि घोड्याला झाला तर कायद्यानं त्याला मारावं लागतं, उपचार करून ठेवता येत नाही. त्याच्या रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. ज्यांनी असा दाखला न बघता लाखभर रुपये मोजले, त्यांनी आपल्या घरातल्या पोराबाळांचाही विचार केलेला नसतो. पण घोडं कळपाचं जनावर, एकट्याला ते राहू शकत नाही. म्हणून बारक्याला अशा जागी ठेवलं की म्हातारी त्याला दिसेल, तिचा आवाज येईल, पण नाकाला नाक लागणार नाही. पहिल्या रात्री तो किंचाळून हाका मारत होता आणि ती पलीकडून अधूनमधून उत्तर देत होती. तिच्या उत्तरानंतर थोडा वेळ तो गप्प व्हायचा. आमच्या गोठ्याला आम्ही जाळी मारून घेतली आहे, कारण उसात बिबट्या आहे. रात्री बिबट्याचा वास आला की अनुभवी घोडंही थरथरतं. या पोराला तर तो वास कसला तेही ठाऊक नसणार.

कितीतरी दिवस तो रात्री खाली बसला नाही. घोडं उभ्या उभ्या पेंगतं हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ का होईना आडवं व्हावंच लागतं, आणि जिथे भीती वाटते तिथे ते आडवं होत नाही. झोप न मिळालेलं जनावर चिडचिडं होणारच. त्याला दिवसा राबवायला काढून ‘तापट आहे’ म्हणणं मला पटत नाही. ज्या सकाळी त्याच्या अंगाला एका बाजूनं भुसा चिकटलेला दिसला, त्या सकाळी मी घरात सगळ्यांना सांगितलं, बारक्या झोपला.

चाऱ्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण आमच्या भागात घोडी मरतात ती इथे. घोड्याला ओकता येत नाही. पोटात बिघडलं की ते तिथेच फुगतं, आतडं पिळवटतं, आणि काही तासांत खेळ संपतो. नवा चारा पचवायला आतड्यातल्या जंतूंनाही आठ-दहा दिवस लागतात. पुतण्याला मी निघताना बजावलं होतं, जनावर घेतलंस की ते काय खातं ते विचार आणि त्यातलंच एक-दोन पोती बरोबर आण. तो हरभऱ्याचं भूस, थोडी बाजरी आणि जव घेऊन आला. रोज त्यातलं थोडं कमी आणि आपला कडबा, कोरडा घास थोडा जास्त, असं करत आम्ही त्याला आपल्या गव्हाणीवर आणलं. पाण्याचंही तेच. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. त्यानं तोंड लावलं आणि फिरवलं. मग दोन दिवस पाण्यात गुळाचा खडा विरघळवून दिला, हळूहळू गूळ कमी केला. थंडीत घोडं पाणी कमी पितं आणि कोरडा चारा आत अडकतो, म्हणून कोमट पाणी ठेवलं. खडे मीठ कायम चाटायला. लीद किती टाकली, कशी टाकली, हे रोज बघायचं. लीद थांबली, पुढच्या पायानं जमीन खरवडू लागलं, वळून वळून कुशीकडे पाहू लागलं, लोळू लागलं, की घरगुती काढे करत बसू नये.

आणि दोन गोष्टी आमच्या ऊसपट्ट्यासाठी मुद्दाम. हंगामात उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, फुकट मिळतात, म्हणून लोक भारेच्या भारे घोड्यापुढे टाकतात. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, त्यानं खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. वाढत्या हाडांच्या जनावराला हे कशाला द्यायचं? दुसरं, गायीची गोळी पेंड. काही गोळी पेंडींत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गायीला ते चालतं, घोड्याच्या हृदयाला ते थोडंही घातक आहे. गोठा एक, पोती शेजारी शेजारी, आणि चारा टाकणारा गडी घाईत. आम्ही पेंडीची पोती दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवली आहेत. हे वाचून एकानं तरी तसं केलं तर या पत्राचा उपयोग झाला असं मी समजेन.

आता त्याच्या खोडींविषयी. पहिल्या दिवसापासून तो कानाला हात लावू देत नव्हता. हात खांद्याच्या वर गेला की मागच्या पायांवर उभा राहायचा. मोरकी, म्हणजे तोंडाभोवतीचा दोर, घालायला गेलेल्या गड्याच्या दंडाला त्यानं चावा घेतला. गावातले जाणते म्हणाले, कान पिळा, नाकाला पिळा लावा, दोन दिवसांत सरळ होतो. मी त्याच्या तोंडात पाहिलं. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत जुन्या जखमा, जिभेवर वळ. मागच्या पायाला पिछाडीच्या, म्हणजे मागचे पाय बांधायच्या दोराचा करकोचा. कान पिळूनच त्याला आजवर धरलेलं होतं, आणि काटेरी लगाम घालून नाचवलेलं होतं. काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. तरी तो उघड वापरात दिसतो आणि ज्यानं तो सोसला त्याच्यावरच खोडीलपणाचा शिक्का बसतो. शिवाय तीन ते साडेचार वर्षांत त्याच्या तोंडात दात पडत असतात, नवे येत असतात, हिरड्या दुखत असतात. काही घोड्यांना लगाम टेकतो त्या जागेजवळ एक बारीक जास्तीचा दात असतो, तोही सलतो. डॉक्टरांनी तोंड तपासेपर्यंत बारक्याच्या तोंडात आम्ही लोखंड घातलंच नाही. साध्या सुती मोरकीवर तो राहिला.

कानाला हात लावायचा नाही असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं. त्याच्याशी ओळख करायची ती मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथे. घोडी एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. समोरून सरळ चालत जायचं नाही, कारण कपाळासमोरचं घोड्याला दिसत नाही, तसंच ऐन पाठीमागचंही. खांद्याच्या अंगानं, बोलत बोलत जायचं. हात ठेवायचा आणि तो बुजायच्या आत काढून घ्यायचा. दोरावर शिकवतानाही तसंच. दोर हलका ताणायचा, आणि त्यानं एक पाऊल आपल्याकडे टाकलं की त्याच क्षणी सैल सोडायचा. माझे वडील म्हणायचे, घोडं ओढण्यानं शिकत नाही, सोडण्यानं शिकतं. ज्याला सोडायची वेळ कळत नाही त्यानं दोर हातात घेऊ नये. पुतण्याला सुरुवातीला हे फार संथ वाटलं. संक्रांतीच्या सुमारास एकदा बारक्या स्वतःहून त्याच्या मागे गव्हाणीपासून विहिरीपर्यंत चालत गेला, दोर जमिनीवर लोळत होता. त्यानंतर त्यानं घाई केली नाही.

आमच्या पाणंदीवरून हंगामात रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या जातात, प्रत्येक ट्रॅक्टरवर टेप मोठ्यानं लावलेला. बारक्याच्या दृष्टीनं ते सगळ्यात मोठं संकट होतं. त्याला रस्त्याकडेला नेऊन उभं करायचं आणि सवय करायची, असं बरेच जण सांगतात. बुजलेलं घोडं पळायला जागा नसली की माणसाच्या अंगावरून जातं. आम्ही त्याला आधी शेताच्या पार आतल्या बांधावर चरायला सोडायचो, जिथून ट्रॉली दिसते पण आवाज मऊ येतो. विलगीकरणाचे आठवडे संपल्यावर म्हातारी त्याच्याबरोबर असायची. ट्रॉली आली की ती मानही वर करत नाही. तो तिच्याकडे पाहायचा, मग ट्रॉलीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. रोज थोडं थोडं अंतर कमी होत गेलं. तरुण घोड्याला शिकवायला शांत म्हाताऱ्या घोडीइतका चांगला चाबुकस्वार नाही असं माझं मत आहे. म्हाताऱ्या घोड्या काम होत नाही म्हणून विकून टाकणाऱ्यांनी यावर विचार करावा.

माघात गावातून लग्नांची मागणी यायला लागली. एका घरानं एका वरातीचे जे पैसे देऊ केले, त्यात बारक्याचा दोन महिन्यांचा चारा निघाला असता. त्यांची नाराजी पत्करून आम्ही नाही म्हटलं. फटाके, डीजे, नवरदेवाच्या पायाला लोंबणारी झालर, भोवती नाचणारी पोरं, आणि वर हादरलेलं तीन वर्षांचं जनावर. यात कोणाचं मूल तुडवलं गेलं तर घोड्याला काय दोष द्यायचा? वरातीत घोडं नेऊच नये असं माझं म्हणणं नाही. पूर्ण तोंड भरलेलं, आवाजाला सरावलेलं, धन्याचा आवाज ओळखणारं जनावर न्यावं, आणि त्याच्या दहा पावलांत फटाका फोडू देऊ नये.

आणखी एक मत मांडते, ते अनेकांना आवडणार नाही. ज्यांना पैदास करायची नाही त्यांनी नर घोडा डॉक्टरांकडून खच्ची करून घ्यावा. आपल्याकडे यात कमीपणा मानतात. मग तोच घोडा कळपात ठेवता येत नाही, घोडीजवळ बांधता येत नाही, म्हणून जन्मभर एकटा, चारी पाय बांधून उभा राहतो. मर्दानगीच्या कल्पना माणसाच्या, भोग जनावराचे. बारक्याचं आम्ही उन्हं वाढायच्या आत करून घेतलं, धनुर्वाताची लस आधी देऊन. आज तो म्हातारीबरोबर एकाच कुंपणात मोकळा असतो.

पाडव्यापर्यंत त्यानं कानाला हात लावू दिला. उजव्या कानाला अजून नाखूष असतो. त्याच्यावर स्वारी आम्ही अजून केलेली नाही, पुढच्या जोडीचे दात आल्यावर बघू. चावणं थांबलं आहे. अनोळखी माणसानं वरून हात उगारला तर मात्र आजही मान मागे घेतो, आणि कदाचित कायमच घेईल.

माझी मागणी यात्रेच्या व्यवस्थापनाकडे आणि पशुसंवर्धन विभागाकडे आहे. सारंगखेड्याला, तसंच नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही, विक्रीच्या पावतीबरोबर जनावराचा एक कागद द्यावा. त्यावर दातांवरून डॉक्टरांनी ठरवलेलं वय, ग्लँडर्सची तपासणी झाली की नाही, शेवटची लस कधी, आणि ते सध्या काय व किती खातं, एवढं लिहिलेलं असावं. काटेरी लगाम दिसला की तिथल्या तिथे काढून घ्यावा. यासाठी नवा कायदा लागत नाही.

आपल्या वार्ताहरांनाही माझी विनंती आहे. पुढच्या दत्तजयंतीला किंमत जरूर छापा, लोकांना ती वाचायची असते. पण त्या घोड्याच्या मालकाला आणखी तीन प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरं किमतीच्याच शेजारी छापा. याच्या तोंडात दात किती, याच्या लगामाला काटे आहेत का, आणि नव्या धन्याबरोबर याचं ओळखीचं भूस किती पोती पाठवणार.

आपली,
एक शेतकरी वाचक,
ता. दौंड, जि. पुणे